न पिता गेलेला झोक

बियाण्याच्या वखारीत पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या माणसाला सगळे सुतळीकाका म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त मुकादमाला ठाऊक होतं, आणि तोसुद्धा हजेरीला "सुतळी आली का?" एवढंच ओरडायचा. काका अंगाने सडपातळ, बोलायला कमी आणि चालायला ताठ. त्यांचा टाका मात्र सगळ्या बाजारात ओळखला जाई. पोतं ट्रकमधून फेकलं, पायऱ्यांवरून गडगडलं, तरी काकांनी शिवलेलं तोंड उसवायचं नाही. "तोंड बंद ठेवायचं काम माझ्याकडेच का दिलंय, कळलं का?" असं ते म्हणत आणि स्वतःच गालातल्या गालात हसत. त्यांचा हा एकच विनोद होता. तो सगळ्यांना पाठ होता, तरी लोक हसायचे.

काकांबद्दल आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दारूच्या थेंबालाही त्यांनी कधी जीभ लावली नव्हती. त्यांचे वडील दारूपायी गेले. लहानपणी वडिलांना खांद्यावर घेऊन घरी आणायचं काम काकांच्या वाट्याला आलं होतं, आणि रस्त्यातली माणसं हसताना त्यांनी मान खाली घालून ऐकली होती. मोठेपणी कुणी आग्रह केला, तर ते वाद घालत नसत, उपदेशही करत नसत. उठून दुसरीकडे जाऊन बसत.

वखार म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला साध्या बियाण्याची रास, मधे हाताने फिरवायचा मोठा ड्रम, आणि दुसऱ्या टोकाला काकांची बैठक. आधी तिथे नुसतं चाळणं, निवडणं आणि भरणं चाले. मग एका वर्षी गव्हावर काणी पडली. कणसं वरून भरलेली दिसायची, हातात घेऊन चोळली की दाण्याच्या जागी काळी भुकटी. पुढच्या पेरणीच्या आधी मालकांनी पाऱ्याचं औषध आणलं. बियाणं ड्रममध्ये घालायचं, वरून ती भुकटी मापाने टाकायची, ड्रम फिरवायचा. बी ओळखू यावं म्हणून औषधात रंग असे, त्यामुळे आत सोनेरी गेलेला गहू बाहेर गुलाबी होऊन यायचा. आणि खोटं कशाला बोलायचं, औषधाने गुण दिला. त्या वर्षी काणी औषधालाही उरली नाही. शेतकरी लांबलांबून गुलाबी बियाणं मागायला येऊ लागले. वखारीला हात कमी पडायला लागले.

ड्रम फिरवायला जो माणूस होता, त्याला भोवरा म्हणत. आडदांड गडी, काकांचा जुना दोस्त. ड्रमचं झाकण उघडलं की गुलाबी धूर उठायचा आणि संथपणे सगळ्या शेडभर पसरायचा. भोवरा तोंडाला फडकं बांधायचा, पण बिडी ओढायची झाली की ते गळ्यात उतरायचं. काकांच्या भुवया, कानांच्या पाळ्या, नखांच्या कडा कायमच्या गुलाबी झाल्या होत्या. "या वयात नवरी झालोय आपण," भोवरा म्हणायचा. तोंडाला दिवसभर पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव यायची. दुपारी डबा उघडायच्या आधी दोघं हात पँटला पुसायचे, कारण नळ शेडच्या पार मागे होता आणि मुकादम घड्याळाकडे बघत असायचा.

सुरुवात बोटांपासून झाली. एका सकाळी काकांना शर्टाचं बटण लागेना. बोटं होती, हलत होती, पण जणू त्यांच्यावर कुणी जाड मोजे चढवले होते. बटण बोटांत आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. त्यांना वाटलं, वय झालं. त्यांनी शर्टाची बटणं न काढता तो डोक्यावरून घालायला सुरुवात केली आणि बायकोला काही सांगितलं नाही. वखारीत मात्र लपवणं अवघड होतं. पोती शिवायचा मोठ्या सुईसारखा दाभण एकदा त्यांच्या अंगठ्यात पार आत गेला. सुतळी लाल झाली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. दुखलं काहीच नव्हतं. काका बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

मग पाय. जमीन मऊ लागायची, गादीवर चालल्यासारखी. वळताना झोक जायचा. सरळ चालायचं म्हणून ते पाय फाकवून टाकायला लागले, तर ते आणखीच विचित्र दिसायचं. पुढे जीभही जड झाली. "सुतळी" हा शब्द, जो त्यांचं नाव होता, तोच तोंडातून नीट येईना.

आता सांगा, जो माणूस पाय फाकवून चालतो, भिंतीला हात लावून वळतो आणि बोलताना शब्द चावतो, त्याला जग काय म्हणणार?

"काका, आज सकाळीच?" एका हमालाने डोळा मारून विचारलं.

काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. "मी पीत नाही," ते म्हणाले. पण जिभेने दगा दिला. ते वाक्य असं काही बाहेर पडलं, की सगळी शेड खो खो हसली. भोवराही हसला. खरं तर त्याला त्या दिवसांत हसू जरा जास्तच यायचं, रडूही तसंच, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

घरी काकू होत्या. काकू म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त काका कामावरून आले, की पाण्याचा तांब्या देताना त्या जरा जास्तच जवळ यायला लागल्या. पहिल्यांदा काकांना बरं वाटलं. मग एका संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. बायको आपल्या तोंडाचा वास घेतेय.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मिळाला का वास?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदराने डोळे पुसले. "नाही मिळाला. म्हणून तर जास्त भीती वाटते. अहो, काय घेता तुम्ही? गोळ्या का? सांगा तरी."

काका उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. उंबरा ओलांडताना त्यांचा पाय अडखळला. समोरच्या घरातल्या बाईने मुलांना आत बोलावून दार लावून घेतलं.

लेकीचं लग्न ठरलेलं होतं. एकुलती एक लेक, काकांचा जीव की प्राण. त्यांनी मनाशी ठरवलं, लग्नाच्या दिवशी फार बोलायचं नाही, फार हिंडायचं नाही, एका खुर्चीत बसून राहायचं. पण मुलीचा बाप खुर्चीत किती वेळ बसणार? व्याह्यांना चहा द्यायला म्हणून ते ट्रे घेऊन निघाले. काकू "मी देते" म्हणेपर्यंत ते अर्ध्या वाटेत होते. उजव्या बाजूने एक पोर धावत आलं. काकांना ते दिसलंच नाही. ट्रे उडाला, कप फुटले, काका व्याह्यांच्या पायाशी आडवे झाले, आणि नव्या कोऱ्या कपड्यांवर चहा सांडला.

व्याही भला माणूस होता. त्याने हात देऊन काकांना उठवलं. पण उठवताना त्याने मान बाजूला फिरवली आणि नाक आक्रसलं. पाहुण्यांत कुणीतरी कुजबुजलं, "निदान आजचा दिवस तरी सोडायचा होता."

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती रागावलेली असती तर त्यांना चाललं असतं. ती खाली बघत होती. ती मान खाली घालण्याची रीत काकांना चांगली माहीत होती.

पुढे नोकरी गेली. मुकादमाने बाजूला घेऊन सांगितलं, "काका, तुमचा मान ठेवून सांगतो. पोती उसवून परत यायला लागलीत. मालकांना मी काय तोंड दाखवू? घरी बसा, ती सवय सोडा, मग बघू." काकांनी तोंडातून ब्र काढला नाही. काढला असता तरी कुणाला कळला नसता.

तसे ते कुठे दवाखान्यात गेलेच नसते. पण रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने त्यांना बाजूने धडक दिली. खांदा निखळला. सायकलवाला बिचारा शपथा घेऊन सांगत होता, "घंटी वाजवली हो मी! सरळ येत होतो, हे वळून बघतच नव्हते." मोठ्या सरकारी दवाखान्यात खांदा बसवणाऱ्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि काकांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं.

तिथली डॉक्टरीणबाई मध्यमवयाची होती, घाईत असायची, पण कान उघडे ठेवायची. तिने काकांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. आत कडेकडेने एक प्रकाशाचा ठिपका फिरणार होता. दिसला की बोट वर करायचं. काका वाट बघत बसले. ठिपका फिरत होता, बाईंना दिसत होता, काकूंना मागून दिसत होता. काकांचं बोट वर जाईना. ठिपका अगदी मध्याजवळ आला तेव्हा कुठे बोट उचललं गेलं.

"काका, तुम्ही नळीतून बघितल्यासारखं जग बघताय," बाई म्हणाल्या. "कधीपासून?"

काकांना वाटत होतं, सगळ्यांना एवढंच दिसतं.

मग बाईंनी त्यांना चालवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, डोळे मिटून उभं केलं. काकूंनी धीर करून आधीच सांगून टाकलं, "बाई, हे दारू पीत नाहीत. लोक काहीही म्हणोत."

"मी कुठे विचारलं?" बाई म्हणाल्या. त्या काकांच्या नखांच्या कडा निरखत होत्या. "काम काय करता?"

उत्तर काकूंनी दिलं. वखार, ड्रम, गुलाबी भुकटी. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि एकेक प्रश्न विचारत बसल्या. बाहेरची रांग कुरकुरायला लागली, तरी त्या उठल्या नाहीत. काकांचं रक्त घेतलं, डोक्यावरचे थोडे केस कापून घेतले आणि तपासायला दुसऱ्या शहरात पाठवले.

निकाल आला तेव्हा काका, काकू आणि लेक तिघंही गेले होते. लेक सासरहून आली होती, पण बापाशी अजून मोकळेपणी बोलत नव्हती. बाईंनी सांगितलं, "पारा आहे. बियाण्याच्या औषधातला. श्वासातून, हातातून, डब्यातल्या घासातून आत गेलाय आणि मेंदूत जाऊन बसलाय. तोल, नजर, जीभ, बोटं, सगळं त्यानेच बिघडवलं."

काकांनी हात वर केला. हळूहळू, शब्द जुळवत ते म्हणाले, "म्हणजे... दारू नाही."

"नाही. दारूचा काही संबंध नाही."

"हे... हिला सांगा." त्यांनी लेकीकडे बोट केलं. बोट थरथरत भलतीकडेच गेलं, पण कुणाकडे ते कळलं. "मोठ्यांदा सांगा."

बाईंनी लेकीकडे वळून तेच पुन्हा सांगितलं. लेकीने बापाचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्यात तोंड लपवून रडली. काकांचा चेहरा मात्र उजळला होता. इतक्या दिवसांनी माणसांत परत आल्यासारखा. ते इतके हरखले, की बाईंचं पुढचं वाक्य त्यांच्या कानावर पडायला वेळ लागला. बाई म्हणत होत्या, की जे गेलं ते परत येईल असं सांगता येत नाही. थोडं सुधारेल. बाकी तसंच राहील.

काकूंनी ते ऐकलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि घरातली पोती?"

घरात पोती होतीच. वखारीतली फाटकी पोती धुऊन काका घरी आणत. दारात पायपुसणं, माळ्यावर अंथरूण, धान्य वाळवायला खाली. गुलाबी रंग धुण्यात निघून जायचा. बाई म्हणाल्या, "रंग निघतो, विष निघेलच असं नाही." लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात आपोआप पोटावर गेला. तिला दिवस गेले होते आणि ते सांगायलाच ती त्या दिवशी आली होती.

काकांच्या पायाखालची जमीन तशीही हलतच होती. आता ती उरलीच नाही. स्वतःच्या दुखण्याला न रडलेला माणूस तिथे दवाखान्याच्या बाकावर ढसाढसा रडला. लेकीचे केसही तपासायला गेले. काकू पोती जाळायला निघाल्या होत्या. बाईंनी निरोप पाठवला, की जाळू नका, धूर आणखी वाईट. बांधून ठेवा, सरकारी माणूस येऊन नेईल. मग ती गाठोडी अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहिली आणि येता-जाता सगळे त्यांना वळसा घालून जात.

लेकीच्या केसांत पारा निघाला, पण थोडा. मूल धडधाकट जन्माला आलं. तरी काका कित्येक महिने त्या बाळाच्या कडेने चमचा हलवून बघायचे, मान वळते का म्हणून. मान वळली की सुस्कारा सोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा.

पण ते नंतरचं. निकाल कळला त्याच आठवड्यात काका काकूंचा हात धरून भोवऱ्याच्या घरी गेले होते. भोवरा अजून ड्रमवर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "गड्या, मी बैलासारखा धट्टाकट्टा आहे. तुझ्या अंगाला नाही सोसलं. आणि मी वखार सोडून खाऊ काय, डॉक्टरीणबाईचं भाषण?"

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी भोवऱ्याच्या शर्टाच्या वरच्या उघड्या बटणाकडे बोट केलं. "लाव," ते म्हणाले.

भोवरा हसला. बटणाला हात घातला. बोटं घसरली. पुन्हा घातला. त्याची बायको स्वयंपाक टाकून दारात येऊन उभी राहिली. भोवऱ्याने मान खाली वाकवून, बघून बघून प्रयत्न केला. मग त्याने हात खाली सोडले आणि म्हणाला, "उकाड्यामुळे उघडं ठेवतो मी ते." दुसऱ्या दिवशी तो काकांबरोबर दवाखान्यात आला.

डॉक्टरीणबाईंनी सरकारला कळवलं आणि चौकशी बसली. कलेक्टर कचेरीतली खोली, लांब टेबल, वर घरघरणारा पंखा. मालकांचा वकील म्हणाला, की हा माणूस व्यसनी होता, सगळी वखार सांगेल. काकांना उभं केलं. ते बोलायला लागले आणि टेबलामागच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक अक्षर लागत नव्हतं. वकिलाच्या ओठांवर हसू आलं.

तेव्हा काकू उठल्या. "साहेब, ह्यांचं बोलणं मला कळतं. हे बोलतील, मी सांगते."

वकील हरकत घेणार होता. साहेबांनी हातानेच थांबवलं.

मग काका बोलले आणि काकूंनी सांगितलं. एकेक वाक्य. झाकण उघडल्यावर धूर कसा उठायचा. नळ कुठे होता. डबा कुठे उघडायचे. दाभण अंगठ्यात गेला ते. मधे एका जागी काका थांबले, मग काहीतरी पुटपुटले. काकूही थांबल्या. साहेब म्हणाले, "काय म्हणाले?" काकूंनी पदर सावरून सांगितलं, "म्हणतात, माझ्या बायकोने माझ्या तोंडाचा वास घेतला. तिचा दोष नाही, असं लिहा."

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

नंतर मुकादमाला बोलावलं. तो मालकाचा माणूस, तो काय सांगणार हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी विचारलं, "यांच्या तोंडाला दारूचा वास तुम्हाला कधी आला?" मुकादम मालकांकडे बघून काकांकडे वळला. काका त्याच्याकडेच बघत होते, त्या नळीतून. "नाही," मुकादम म्हणाला. "कधीच नाही. चालण्यावरून म्हटलं आम्ही." त्याने रुमालाने तोंड पुसलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं होतं, एवढं त्याला त्या क्षणी कळलं असावं. त्याची नोकरी पुढच्या महिन्यात गेली.

वखारीतून ती भुकटी हलली. थोड्या वर्षांनी पाऱ्याची बियाण्याची औषधं इतर ठिकाणांहूनही हळूहळू बंद झाली. मालकांनी भरपाई दिली, ती द्यावीच लागली. पण भोवऱ्याला तिचा उपयोग झाला नाही. त्याच्या अंगात पारा काकांपेक्षा कितीतरी जास्त होता. आधी त्याची नजर गेली, मग शुद्ध. शेवटी तो कुणाला ओळखत नव्हता, पण उजवा हात गोल गोल फिरत राहायचा. काका त्याच्या उशाशी बसून तो हात धरून ठेवत. भोवरा गेला तेव्हा काकांनी खांदा द्यायचा हट्ट धरला. पाय साथ देणार नव्हते हे सगळ्यांना दिसत होतं. व्याह्यांनी त्यांच्या कमरेत हात घातला, जावयाने दुसरी बाजू धरली, आणि काका चालले. त्या दिवशी त्यांचा झोक जात होता, पण रस्त्यात कुणी हसलं नाही.

काका पुढे बरीच वर्षं जगले. भिंत धरून चालणारे, बोलणं फक्त बायकोला आणि नंतर नातीला कळणारे. त्यांच्याकडे लांबून माणसं येऊ लागली. कापसाच्या बियाण्यावर काम करणारी, उसाच्या बेण्याला औषध लावणारी. दारात उभी राहून ती चाचरत सांगायची, की बोटं बधिर झालीत, घरचे म्हणतात नाटक करतोय. काका सगळं ऐकून घेत. मग चप्पल पायात सरकवून काकूंना हाक मारत.

एका दुपारी अशीच एक तरुण बाई आली. बटाट्याच्या बेण्याच्या गोदामात काम करणारी, तान्हं मूल कडेवर. तिला बोलताच येईना, नुसती रडत होती. काकूंनी मूल घेतलं. काकांनी भिंतीवरचा हात काढून तिच्या खांद्यावर ठेवला, आणि तिघं मिळून सावकाश दवाखान्याच्या रस्त्याला लागले.